मागच्या पोर्चचं माप

मंगळवार, १८ जून. सकाळी नऊला काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत घराच्या टॅक्सची सुनावणी होती. दहाच्या आत संपली. घरी येऊन भात टाकला, जेवलो, भांडी घासली. मग हे लिहायला बसलो.

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्ही या घरात एक हिवाळा काढलात, त्यामुळे घर कसं आहे ते सांगायला नको. आजूबाजूचं मात्र बदललंय. शहरातले लोक इकडची शेतं घेऊन मोठाली घरं बांधतायत, आणि त्यांच्या किमती बघून काउंटीने माझ्या घराचीही किंमत वाढवून लावली. किंमत वाढली की टॅक्स वाढतो. मी कामाला होतो तो कारखाना गेल्या वर्षी बंद पडला. तुमची सून त्याच्या आदल्या वर्षी गेली. नवा आकडा कायम राहिला तर घर विकून मुलीकडे सनीव्हेलला जायचं, हे ठरल्यासारखंच होतं. ती फोनवर म्हणते, "बाबा, सेल करून टाका ना यार, तिथे आता आहे कोण?" मी म्हणतो, बघू.

हरकत घ्यायची म्हणून मी तुमचीच टेप काढली. ती चामड्याच्या डबीतली, पितळी मूठ फिरवून गुंडाळायची. नगरपालिकेच्या घरपट्टीसाठी तुम्ही जन्मभर तिने लोकांची घरं मोजलीत. मीही तुमच्यासारखंच मोजलं, आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकही खोली न सोडता. "भिंतीत कोणी राहत नाही, मग भिंतीवर पट्टी कशाला?" असं तुम्ही म्हणायचात. काउंटीच्या कार्डावर घराचं जे माप नोंदलंय, त्यापेक्षा माझं बरंच कमी भरलं. मला वाटलं, काम झालं. नकाशा काढला, शाईने गिरवला, प्रती केल्या.

समोर निकाल देणारे तिघं बसले होते, इथलेच रहिवासी. मधल्या बाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, जनावरांच्या खाद्याचं दुकान चालवणाऱ्या. त्यांच्याखेरीज, काउंटीच्या बाजूने, घरांची किंमत लावणारा एक तरुण अप्रेझर. मी उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतली आणि नकाशा पुढे केला. तरुणाने तो नीट बघितला. "सर, हे तुम्ही आतून मोजलंय का? आम्ही बाहेरून मोजतो. इथे सगळे बाहेरूनच मोजतात."

"आतून मोजणार असाल तर माझी कंबरही तशीच मोजा," बाई म्हणाल्या. "बरीच कमी भरेल."

सगळे हसले. मीही हसलो. माझे कान तापले होते. इतक्या वर्षांत ही साधी गोष्ट कुणाला विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तो तरुण मात्र नकाशा खाली ठेवेना. मागच्या बाजूला बोट ठेवून म्हणाला, "ही कुठली खोली? आमच्या कार्डावर इथे उघडा पोर्च आहे."

अण्णा, ती तुमची खोली. तुम्ही नोव्हेंबरात आलात आणि थंडीने तुमची बोटं वळेनात, म्हणून मी दोन शनिवार-रविवारात पोर्च बंद केला, काचा लावल्या, हीटर बसवला. कार्डावर ती कधी आलीच नाही. ती आली तर किंमत वर जाणार, आणि किंमत वर गेली तर घर जाणार. आणि ती त्यांना दाखवून दिली माझ्याच नकाशाने.

"पोर्चच आहे," मी म्हणालो. "वारा येतो म्हणून काचा लावल्यात."

"हीटर?"

"नाही."

"कोणी राहतं तिथे?"

"नाही. कधीच कोणी राहिलं नाही."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. बाईंनी विचारलं, "आणखी काही दाखवायचंय?" मी घराच्या पायाला गेलेल्या तड्याचे फोटो दिले. बेडरूमच्या भिंतीत आता बोट जातं, ते मात्र खरं होतं. तिघं माझ्यासमोरच आपसात बोलले आणि किंमत बरीच खाली आणली. "माप आमच्या कार्डावरचंच धरू," बाई म्हणाल्या, "आणि पोर्च पोर्चच राहू दे." म्हणजे निदान या वर्षी घर वाचलं. मी गाडीत येऊन बसलो.

तिकडे आपल्या घरी आईने मागची पडवी बंद करून स्वयंपाकघर केलं होतं, ते आठवत होतं. भिशीच्या पैशातून तिने ओटा बांधून घेतलाय. पहिल्यांदाच उभ्याने स्वयंपाक करतेय, खुशीत आहे. रविवारी तुम्ही टेप घेऊन आत येता. तिला वाटतं, फळी बसवायला मोजताय. सोमवारी तुम्ही स्वतः कचेरीत नोंद करता आणि आपली घरपट्टी वाढते. "स्वतःच्या घराची चुगली करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला," ती म्हणते आणि तुमच्यापुढे ताट आपटते. तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "उद्या लोकांच्या दारात कोणत्या तोंडाने टेप टाकू?" दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही. मला तेव्हा तिचंच बरोबर वाटलं होतं. आजही अर्धंमुर्धं वाटतं.

पण एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. इथल्या खोलीत तुम्ही पहिल्या दिवशी कॉटवर बसलात, हीटरपुढे हात धरलेत आणि विचारलंत, "कचेरीत कळवलंस ना?" मी लगेच म्हणालो, "हो अण्णा." तुम्ही म्हणालात, "मग बरं," आणि आडवे झालात. पुढचे चार महिने तिथे निश्चिंत झोपलात. आज त्या खोलीबद्दल मी खोटं बोललो ते दुसऱ्यांदा.

एवढं लिहून बाहेर जाऊन आलो. ऊन अजून उतरलं नव्हतं. पोर्च बाहेरून मोजला. टेपचं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून कोपऱ्यातल्या खिळ्याला तिची कडी अडकवली आणि मागे मागे चालत गेलो. दोन्ही बाजूंची मापं याच कागदाच्या मागे लिहिलीत. तसाही हा कागद तुमच्यापर्यंत जायचा नाही. कचेरी सकाळी आठला उघडते. ही मापं कळवायला जाईन की नाही, मला अजून माहीत नाही. टेपला लागलेली माती पुसली, मूठ फिरवत ती गुंडाळली आणि डबीचं बटण लावलं.