विभागातून एकच नाव

९ जानेवारी, शुक्रवार
नोटीस मी बघायच्या आधीच मैत्रेयीचा मेसेज. ‘वैशाली, हे बघ! तू भरच. मीपण भरेन बहुतेक.’ बहुतेक! जिच्या घरी आई-बाबा दोघंही प्राध्यापक, ती ‘बहुतेक’ भरणार. मी नोटीस तीनदा वाचली. जागतिक विकासावरचा विद्यार्थी संशोधन कार्यक्रम. वर्षभर. वेगवेगळ्या देशांतली मुलं, प्रत्येकाला एक मार्गदर्शक, शेवटचे दोन महिने परदेशात.
कानिटकर सर वर्गात म्हणाले, “विभागातून एकच नाव पुढे जाईल. तेव्हा सगळ्यांनी एकदम खूश होऊ नका.”
एकच. मी मागे वळून पाहिलं नाही, पण मै. कुठे बसलीय ते मला पाठीतून कळत होतं.

१२ जाने., सोम.
विषय ठरला. तीन देशांतलं शहरीकरण आणि स्त्रियांचा श्रमसहभाग, तुलनात्मक अभ्यास. भारी वाटतंय. जागतिक म्हणजे जागतिकच हवं ना. लायब्ररीत पाच तास, नुसते तक्ते.
मै.चा विषय ठरलेला नाही. कॅन्टीनमध्ये वडापाव खात म्हणाली, “मला अजून काही प्रश्नच पडला नाहीये गं.” तिला प्रश्न न पडणंसुद्धा परवडतं.

१४ जाने., बुध. संक्रांत
मै. पहिल्यांदाच घरी आली, येरवड्याला, संख्याशास्त्राच्या नोट्स घ्यायला. मी दारातूनच देणार होते, पण सुनंदामावशीनं आत बोलावलं. दोन खोल्या, दोरीवर मावशीचा युनिफॉर्म वाळत. निळा, मागे कंपनीचं नाव. मी तो काढायला गेले तर मै. म्हणाली, “राहू दे ना.”
मी चहा टाकला. बाहेर मै. विचारत होती, “मावशी, तुमचा दिवस कसा असतो?” आणि मावशी सांगायला लागली! खराडीच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये पहाटे सहाला हजर, फरशा, टेबलं, संडास. डबा खायला जागा नाही म्हणून बादल्या-पोछे ठेवायच्या खोलीत पाच जणी पाळीपाळीनं बसतात.
मी दोन वर्षं मावशीकडे राहतेय. डबा ती कुठे खाते, हे मला माहीत नव्हतं.
जाताना मै. म्हणाली, “किती गोड आहे तुमची भाषा!” तुमची. मी पहिल्या वर्षी वर्गात एकदा आमच्या गावाकडच्या बायकांसारखं ‘मी जातो’ म्हणून गेले आणि मागचा अख्खा बाक हसला, तेव्हापासून मी ती भाषा घराबाहेर काढत नाही. आता ती गोड झाली.

१७ जाने., शनि.
मै.ला प्रश्न पडला. ‘काचेच्या इमारती स्वच्छ ठेवणाऱ्या बायका बसतात कुठे?’ एवढंच. म्हणे, शहराच्या विकासात कोणाला टेकायला जागा मिळते, तिथून सुरुवात करायची.
“तुझ्या मावशींमुळे सुचलं. तुला चालेल ना?”
“चालेल की. मला काय!”
तिला टोमणा कळला नाही. किंवा कळला आणि तिनं सोडून दिला. दुसरं जास्त वाईट.

१८ जाने., रवि.
लायब्ररीतून आले तर मै. आमच्या ओट्यापाशी, मावशीशेजारी पाटावर. दोन तास झाले म्हणे. मधे फोन, रेकॉर्डिंग चालू. मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिला असं हसताना... आठवत नाही.
मै.नं मला फाइल पाठवली. “मला निम्मं कळलंय, निम्मं नाही. तूच लिहून देशील का मला? नीट, शब्दन् शब्द? तुझ्याशिवाय कोण करणार!”
सत्तेचाळीस मिनिटं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय देणार?

२१ जाने., बुध.
ऐकलं. बसमध्ये, कानात घालून, खिडकीकडे तोंड करून.
मधली बारा मिनिटं पाण्याची आहेत. मावशी म्हणते, “अकरापर्यंत पानीच पीत नाई मी. आमच्यासाठी संडास खाली हाये, बेसमेंटात. सातव्या माळ्यावरून खाली जा लागते, लिफ्ट मोठ्या लोकायची. मंग सुपरवायझर म्हनते कुठं गेली होती. त्यापेक्षा न पेलेलं बरं.” एकदा तिनं तक्रार केली तर तिचा मजला बदलला. दोनदा लघवीचा त्रास झाला. एकदा ताप. मला तेव्हा सांगितलं होतं की हवा बदललीय.
मै. विचारते, “हे घरी सांगता का तुम्ही?”
“घरी कोनाले सांगू? वैशूचा अभ्यास रायते.”
ते वाक्य मी चार वेळा मागे घेऊन ऐकलं. मै.नं पुढे काही विचारलं नाही, नुसती गप्प बसलीय. रेकॉर्डिंगमध्ये तिची शांतता ऐकू येते. मला तिच्या शांततेचासुद्धा हेवा वाटला. मी असते तर बोलले असते.

२३ जाने., शुक्र.
मै.ला लिहून दिलं. पस्तीस मिनिटांचं.
“ते पाण्याचं बोलल्या होत्या ना गं त्या?”
“तिथे कुकर लागलाय. नीट ऐकू येत नाही.”
मला वाटलं, ती आठवणीतून लिहील. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग नको. मला सगळं नीट कळलंही नव्हतं. अंदाजानं त्यांच्या तोंडी काही घालणं बरोबर नाही.”
किती सरळ! चिडचिड झाली. तिनं एकदा तरी थोडं वाकडं वागावं, म्हणजे मला जरा श्वास घेता येईल.

२६ जाने., सोम.
सुट्टी. माझे तीन देशांचे तक्ते पुन्हा वाचले. त्यात एकही माणूस नाही.
दुपारी ती फाइल बंद केली आणि नवीन उघडली. ‘कामाच्या जागी पाणी टाळणाऱ्या स्त्रिया.’ चार तासांत दहा पानं. हात थांबतच नव्हता. मावशी माझी आहे. भाषा माझी आहे. मै.ला तर निम्मं कळलंच नव्हतं.
हे सगळं खरं आहे. तरी लिहून ठेवतेय, म्हणजे कोणाला तरी पटवायचंय.

३० जाने., शुक्र.
प्रेझेंटेशन. आधी मै. बरं झालं, शांत, थोडं अर्धवट. मधे काहीतरी निसटल्यासारखं. काय निसटलंय ते वर्गात फक्त मला माहीत होतं.
मग मी. सर खुर्चीत पुढे सरकले. “याला म्हणतात प्रश्न! मुलाखत तूच घेतलीस?”
“हो सर. माझी मावशी आहे.”
इतकं सोपं गेलं ते ‘हो’.
मै. पहिल्या बाकावर, मान खाली, पेनाचं टोपण लावतेय काढतेय. बाहेर कॉरिडॉरमध्ये म्हणाली, “ऐकू येत नव्हतं ना?”
“मी मावशीला नंतर परत विचारलं.”
“बरं.”
नुसतं ‘बरं’. भांडली असती तर मला उत्तरं तयार होती.

२ फेब्रु., सोम.
बोर्डावर माझं नाव. माझं! एकटीचं.
आईला फोन केला. तिनं फोन कानाला ठेवूनच शेजारच्या काकूंना ओरडून सांगितलं. मावशीनं कामावरच्या बायकांनाही सांगून टाकलं, भाचीचं नाव लागलं म्हणून. कशावर लागलं ते तिला अजून माहीत नाही.
मै.नं सगळ्यांसमोर हात मिळवला. “अभिनंदन.” तिचा हात कोरडा, माझा घामेजलेला. जिंकल्यावरसुद्धा तिच्याकडे काहीतरी आहे आणि माझ्याकडे नाही, असं का वाटावं?

५ फेब्रु., गुरु.
अर्जाला मुलाखतीच्या सारांशासह संमतीपत्र जोडायचंय. जिची मुलाखत, तिची सही. मावशी आठवी शिकलीय. मी म्हटलं, सही कर फक्त. तिनं चष्मा मागितला. ओळीखाली बोट ठेवून दोन्ही पानं वाचली.
“हे तर मी मैत्रेयीले सांगितलं होतं. तुले कधी सांगितलं?”
“एकच ना मावशी.”
“एक कसं? तिनं इचारलं, मी सांगितलं. तू फोनातून आयकलं.”
“तू माझी मावशी आहेस की तिची?” मी ओरडलेच. आवाज शेजारी गेला असणार.
ती नाही ओरडली. “तुहीच हाये. पन थे बोलनं तिचं अन् माह्यं होतं.” कागदाची घडी घातली, फ्रिजवर ठेवली. “तिले इचार. मंग पाहू.”
भाजी चिरायला बसली. मी समोर उभी. मला वाटलं होतं तिला निदान वाईट वाटेल की मी तिच्यावर लिहिलं. तिला वाईट वाटलं, पण मै.साठी.

६ फेब्रु., शुक्र.
कॉलेजला गेले नाही. मावशी कामावर.
मावशीची सही सोपी आहे. सु, मग एक लांब रेघ. वहीच्या मागच्या पानावर करून पाहिली. पहिली बिघडली. तिसरी हुबेहूब.
पान फाडलं. तुकडे केले. मावशी केर काढताना तिला दिसतील म्हणून तुकडे मुठीत घेऊन चौकापर्यंत गेले आणि तिथल्या कचराकुंडीत टाकले.
कुठवर आले मी? एका नावासाठी.

७ फेब्रु., शनि.
ती बारा मिनिटं लिहून काढली. शब्दन् शब्द, जिथे मै.ला अर्थ लागणार नाही तिथे खाली अर्थ देऊन. तिला पाठवलं. सोबतचा मेसेज आधी लांबलचक होता. माझी परिस्थिती, गाव, मागच्या बाकावरचं हसणं, सगळं. सगळं पुसलं. राहिलं एवढंच: ‘मला सगळं ऐकू येत होतं. मावशीला परत विचारलं नव्हतं.’
वाचलं तिनं. लगेच. उत्तर नाही.

९ फेब्रु., सोम.
उत्तर नाहीच. सरांना जाऊन सांगितलं. उभ्यानंच. मला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.
“मुदत उद्या पाचची. नाव ठेवायचं, बदलायचं की कोणाचंच पाठवायचं नाही, ते दोघी मिळून सांगा मला.”
“ती माझ्याशी बोलणार नाही, सर.”
“हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नाही.”
मग मी दारात पोचल्यावर म्हणाले, “सांगितलंस ते बरं केलंस. उशिरा केलंस.”

१० फेब्रु., मंगळ.
साडेतीनला बेल. मै. मला वाटलं माझ्याकडे आली. ती माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, “मावशी आल्यात का? मला त्यांना भेटायचंय.”
मावशी नुकतीच येऊन पाय धूत होती. दोघी आतल्या खोलीत. मी दारात उभी, स्वतःच्या घरात.
मै.नं तिला सगळं वाचून दाखवलं, माझंच लिहिलेलं. एके ठिकाणी उच्चार चुकली, मावशीनं सुधारला, दोघी हसल्या. पुन्हा तेच, जुनं जळणं. वाटलं होतं कबुली दिली की जाईल. तसूभर हललेलं नाही.
मग मै. म्हणाली, “मावशी, हे कोणाच्याही नावानं गेलं तरी चालेल का तुम्हाला?”
“त्यानं काय होईन?”
मी असते तर मोठं उत्तर दिलं असतं. मै. म्हणाली, “मला माहीत नाही.”
मावशी म्हणाली, “मंग तसंच लिवा त्याच्यात, का आमाले माहीत नाई म्हनून.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “बिल्डिंगीचं नाव टाकू नका. माह्यंबी नको. पाच जनींची रोजी हाये.”
हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मै.चा चेहरा पडला. माझाही. पहिल्यांदाच आम्ही एकमेकींकडे सरळ पाहिलं.
मावशीनं सही केली. अर्जदाराच्या नावाची जागा कोरी.
आता आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, मधे लॅपटॉप. मै.नं मजकुरातून खराडी काढलं, सातवा मजला काढला. मी चुकीचे शब्द दुरुस्त केले. काम करताना आम्ही बोलतो, थांबलं की गप्प.
मी म्हटलं, “सॉरी.” ती म्हणाली, “ते नंतर.” मग थोड्या वेळानं, “तू मागितलं असतंस ना, तर मी दिलं असतं.”
हेच तर. हेच सहन होत नाही.
पावणेपाचला सर फोन करणार. मै. मावशीला काहीतरी विचारायला आत गेलीय म्हणून हे लिहितेय. मला अजूनही माझंच नाव हवंय. आत्ता, या क्षणीसुद्धा. आणि ती बाहेर येऊन ‘तूच जा’ म्हणाली, तर मी जाईन, आणि तिला जन्मभर माफ करणार नाही. मी ‘तू जा’ म्हणाले, तर...
आली.