लेमन बामला पाणी घाला

अहो,

मी छकुलीला घेऊन माहेरी, देवळ्याला जातेय. एसटी दुपारची आहे, म्हणून तुमची वाट पाहिली नाही. भांडून गेले असं शेजारी सांगत बसू नका. आमटी-भात झाकून ठेवलाय, दूध तेवढं तापवा.

बाल्कनीतल्या लेमन बामच्या रोपाला पाणी घाला. कितीही राग आला तरी उपटू नका. तुमच्या हर्षालीताईंनी परदेशातून बी आणलं, पण वाढवलं तुमच्या आईंनी. डोळे गेले तरी चाचपडत कुंडीपाशी जायच्या आणि चहासाठी नखाने शेंडे खुडायच्या. खुडलं की जास्त फुटतं, म्हणायच्या.

आई गेल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही. तरी रोज सकाळी शेंडे खुडलेले असतात, तसेच, नखाने. तुम्ही म्हणालात, चिमण्या असतील.

आज अंघोळीआधी छकुलीची टाळू भरायला बसले, तर तिथे आधीच तेल मुरलेलं होतं. त्याला त्या पानांचा लिंबासारखा वास होता. पान चुरडल्याशिवाय तो येत नाही. नातवंडाची टाळू मीच भरणार, असं आई सारखं म्हणायच्या. छकुली व्हायच्या आधीच गेल्या.

उद्या उठल्यावर आधी कुंडी बघा आणि कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून मला फोन करा. शेंडे खुडलेले असले तर मी निवांत झोपेन. न खुडता तसेच असले तर आई आमच्याबरोबर आल्यात.

रोशनी