दौतीतला बोळा

बाबा, "मले पळनारं तट्टू नाई पायजे, पोचनारं पायजे," असं तुम्ही अमरावतीच्या गुरांच्या बाजारात त्या तट्टूवाल्या चाचांना म्हणाला होतात. मी दहा वर्षांची, तुमच्या धोतराचा सोगा धरून उभी. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. काल ज्याच्या पायात वहाण नव्हती तो आज आरबी घोडा शोधत फिरे. तुम्ही मात्र कापसाच्या बाजारात वजनं लिहिणारे साधे कारकून. गाड्या उजाडायच्या आत रांगेला लागत आणि आपलं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. गुडघा धरल्यापासून तुम्हाला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर तुमच्या जागी दुसरा माणूस बसवीन, असं अडत्या सांगून मोकळा झाला होता.

चाचा हसून म्हणाले, "मुन्शीजी, सारी दुनिया घोडे पळवून राहिली, अन् तुमी चालणारं मांगता?"

"दुनियेच्या कमरेले दौत नाई, चाचा."

आपल्या पितळी दौतीचं झाकण कधीच घट्ट बसलं नाही. म्हणून तुमची परीक्षाही तीच: दौत खोगिराला टांगायची, लिंबाभोवती एक फेरी मारायची आणि शाई सांडते का ते बघायचं. परवडणारी तट्टं दोनच होती. काळं नाकासमोर पाहत गेलं आणि आलं, एक थेंब सांडला नाही. दुसरं भुरं, पोटानं गोल. त्यानं माझ्या तळहातावरची सरकी इतक्या हलक्या ओठांनी उचलली की मी तिथेच विरघळले. दौत माझ्याकडे देऊन तुम्ही काळ्याचे दात बघायला वळलात. मी शेजारच्या गाडीतला कापूस चिमूटभर ओढला आणि दौतीत कोंबला. भुरं फेरी मारून आलं. खोगीर कोरडं. "वा रे भुऱ्या!" म्हणालात. काळ्यापेक्षा ते स्वस्तही होतं. घरी येताना मी बोळा हळूच काढून फेकला आणि बोटं परकराला पुसली.

कामाच्या पहिल्याच दिवशी तुम्ही परत आलात ते गुडघ्यापर्यंत काळे होऊन. भुऱ्याला चाल एकच येत होती आणि ती मुसळानं कांडल्यासारखी. शिवाय सरकीचा वास आला की त्या गाडीपाशी तो थांबायचाच. आई म्हणाली, "काहून जी, लिहून आले का पोहून आले?" तुम्ही हसलात. मी कणगीमागे जाऊन बसले. त्या दिवशी तुम्ही कसेबसे वेळेत पोचला होतात. तुमचं काम आता जाणार, आणि ते माझ्यामुळे, एवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या पहाटे उठून बघते तर तुम्ही ओट्यावर बसून दौतीत कापूस कोंबताय. माझ्या परकरावरच्या बोटांच्या काळ्या ठशांकडे एकदा पाहता आणि म्हणता, "कापूस चांगला पायजे, पोरी. बाजारातला लय आखूड धाग्याचा होता."

बस, एवढंच. मग भुऱ्याच्या तोंडाला मुसकी बांधलीत आणि निघालात. त्यानंतर तो कधी पळाला नाही, थांबलाही नाही. महिनाभरात बाजारातले लोक म्हणू लागले, "मुन्शीचं भुरं आलं, लावा काटा!" पुढे भाव कोसळले, आरबी घोडे एकेक करून विकले गेले. भुऱ्या आपला कांडतच राहिला.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवते. शाळा मोर्णा नदीच्या पलीकडे, आणि गुडघा तुमच्यावर गेलाय. लहानशा छपराच्या गाडीला जुंपायला एक स्वस्त तट्टू बघायला उद्या बाजारात जायचं आहे. लेक म्हणतो, "आई, तेज जनावर घे, लोक पायतीन." मी म्हटलं, "बाई गाडी हाकून राहिली म्हणून तसेही पायतीनच." तुमच्या माघारी उरलेली दौत रुमालात बांधून ठेवली आहे. हा कागद तिच्याच खाली राहील, दुसरीकडे कुठे धाडणार?

बोळा मीच घातला होता, बाबा. तोंडानं हे कधी सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. उद्या एखादं गोल पोटाचं माझ्या तळहाताला ओठ लावील आणि माझं पुन्हा तेच होईल, अशी धास्ती वाटते. तुम्ही नुसते हसाल, हे ठाऊक आहे. तरी बाजारात पाऊल टाकण्याआधी, एकदाच, मला चांगलं रागवा.