एरियल पडलं नाई, मामाजी

मामाजी, मी तुमची सून. एवढं सांगा लागते, कारण तुमाले जितेपणीच काई ध्यानात राहे नाई; चष्मा कपाळावर चढवून तुमी तो माह्या पिठाच्या डब्यात शोधत. आता तं तुमाले जाऊन जमाना झाला. मले अक्षर येत नाई, म्हणून मी बोलून राह्यली न् नात लिहून राह्यली.

नालवाडीच्या घरावर तुमी ते एरियल ताणलं होतं, निंबापासून बांबूपर्यंत तांब्याची तार. फौजेत वायरलेसवर होते तुमी. आल्यावर परवाना काढून घरातच यंत्र मांडलं, पोरालेबी शिकवलं. हे आसामात नदीच्या मोजणीवर गेले तं आपलं यंत्र घेऊन गेले, न् दर रविवारी सकाळी तिथून टिकटिक करत. मी चुलीपाशी बसून ऐके. तुमी म्हणत, "सुनबाई, चालणं ओळखता येते ना, तसा ठोके देणारा हातबी ओळखता येते." मले आला ओळखता. शेवटचा ठोका हे लांबवत, दारात उभं राहून निघू का नको करावं तसा.

मंग एका पावसाळ्यात टिकटिक थांबली. ऑफिसचं पत्र आलं, का पुरानं छावणी नेली, माणसं सापडली नाई. तुमी ते वाचलं, घडी केली न् म्हणाले, "पोरगं आहे. आपलं एरियल कमजोर आहे."

तवापासून तुमी त्या तारेच्या मागं लागले. उन्हानं तार ढिली होऊन पार माह्या डोक्यापर्यंत लोंबे. सुती दोर पावसात आकसला, त्यानं तार तोडली. बांबू उधईनं खाल्ला. गारांनी तारेच्या टोकाचे चिनीमातीचे गट्टू फोडले. मी म्हणे, "मामाजी, यावर निदान पापड तरी वाळू घालू द्या." तुमी म्हणत, "घाल, पण मीठ कमी टाकजो, तार गंजन." मी पदर दातात धरून दोर ओढे, न् तुमी त्या वयात निंबावर. एक गोष्ट मले उशिरा समजली. तार तुटली का तुमचा चेहरा खुले. तुटली हाये तोवर, तिकडून कोणी बोलूनच राह्यलं असन, आपल्यालेच ऐकू येत नसन.

शेवटी तुमी बांबूच्या जागी लोखंडी पाईप गाडला, सांध्यांवर डांबर चोपडलं, न् दोर गडगडीवरून घेऊन टोकाले माह्या फुटक्या जात्याची पाळ टांगली. निंब हलला का दगड वरखाली होये, तार तुटे नाई. त्या वैशाखात असं वावधन आलं का शेजाऱ्याची टिनं रस्त्यापलीकडं जाऊन पडली. सकाळी बाहेर येऊन पाह्यलं तं एरियल उभं. दगड नुसता झुलून राह्यला.

"जिंकले जी मामाजी तुमी!" मी हासली. तुमी हासले नाई. यंत्रापाशी बसले. कुठचे कुठचे ठोके आले, धुतल्यासारखे साफ. "ऐक वं, तुह्ये कान बरे हायेत. तो आहे काय?"

मी लई वेळ ऐकलं. "नाई जी."

तुमी यंत्र बंद केलं. "आता तं काई मोडलेलं नाई, सुनबाई."

त्याच हिवाळ्यात तुमी गेले. तार मातर तुमच्या मांगं कितीक वर्सं तशीच उभी राह्यली. मले तिचा राग ये.

पितरपाटात यांचं पान तुमी मांडू देल्लं नाई, "जित्या माणसाचं पान मांडते काय?" म्हणून. मंग मीबी मांडलं नाई. तुमचं मांडते, यांचं नाई. खरं सांगू? यांचा चेहरा मले आता दिसत नाई. तो लांबवलेला ठोका तेवढा ऐकू येते, न् तोबी माह्या मनाचा असन.

नात विचारून राह्यली, पत्ता काय टाकू. काई टाकू नको पोरी, राहू दे. यंदा तुह्या आज्याचंबी पान मांडजो. कढी, वडे, गवारीची भाजी, तिखट कमी. खीर मातर गरम ठेवजो. लई दिवस पाण्यात राह्यले ते.