शाहूपुरीच्या गॅरेजातली नाव

पन्हाळा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. रुद्राप्पास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

लेकाकडं, वीरेशकडं मी बरी आहे. इथला वारा गुडघ्यांना मानवत नाही, एवढीच तक्रार. फोन करू नको. मला त्यातलं काही ऐकू येत नाही, आणि वीरेश मध्ये पडला की निम्मं आपल्या मनचं सांगतो.

काम असं. शाहूपुरीतल्या माझ्या घरात पूर्णिमा भाड्यानं राहते ना, ती शाळेतली बाई. तिला गॅरेज दिलं ते गाडी लावायला. शेजारचे बाळासो कळवतात की तिनं तिथं सुतारखाना मांडलाय, आणि दुपारभर अशी घरघर चालते की डोळ्याला डोळा लागत नाही. तू उचगावहून जा, गॅरेजला कुलूप घाल, लाइट तोड. जन्मभर कारखान्यात ओरडलास, एकदा बहिणीसाठी ओरड.

तुझ्या पत्राच्या वाटेकडं डोळे लावून,
शांतव्वा

उचगाव,
१० फेब्रुवारी

ती. आक्कास,
रुद्राप्पाचा शरणार्थ. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणं कुलूप खिशात टाकून भर दुपारी गेलो. बाळासो बनियनवरच फाटकात उभे. हात धरून म्हणाले, पावणं, ऐका की, हे असं रोज हाय.

ऐकलं. घरघर खरी. पण गॅरेजचं शटर बंद आणि पूर्णिमा शाळेत. मग आवाज करतंय कोण? तुला ठाऊक आहे, फौंड्रीत हमालीपासून सुरुवात करून मालक झालो तो या कानांच्या जोरावर. डोळे मिटून मशीनचं दुखणं सांगतो. भिंतीला कान लावत लावत निघालो, तो थेट तुझ्या जिन्याखाली पोचलो. दुपारी नळाला पाणी आलं की आपोआप सुरू होणारी तुझी मोटार, आक्का! बेअरिंग पार गेलंय. पलीकडं बाळासोंची झोपायची खोली. मोटारीकडं बघून ते म्हणाले, आयला, ही हाय व्हय, आणि गुपचूप आत गेले.

संध्याकाळी पोरगी आली. तुझ्या शब्दाखातर मी आवाज चढवला, कुलूप दाखवलं, लाइट तोडतो म्हणालो. तिनं विचारलं, काका, आधी चहा घेणार का? मग शांतपणे म्हणाली, भाडं वेळेवर देते, धंदा करत नाही, भिंतीला खिळासुद्धा मारलेला नाही, रात्री हत्याराला हात लावत नाही. तरी नको असेन तर लेखी कळवा, करारातली मुदत द्या, जाईन. पण मी भाडेकरू असताना कुलूप घालायचा न् लाइट तोडायचा हक्क मालकालाबी न्हाय. आवाज तसूभर वर गेला नाही. मी चहाचा कप उचलला.

मग तिनं शटर वर केलं. आत नाव आहे, आक्का. खरीखुरी लाकडाची. हातरंध्यानं घासलेल्या फळ्या, सांध्यात नख शिरत नाही. माझ्या कारागिरांना आणून दाखवावी अशी. तिचं माहेर नदीकाठी. मागच्या पुरात तिच्या आजीला गूळ करायच्या काहिलीत बसवून बाहेर काढलं. काहील भोवऱ्यासारखी फिरली, म्हातारी पाण्यात जाता जाता वाचली. तेव्हाच पोरीनं ठरवलं, गावाला धड नाव पाहिजे. पावसाळ्याआधी पुरी करायची आहे. आत्ता तिला काढलं तर अर्धी नाव घेऊन ती जाणार कुठं?

कुलूप खिशातच राहिलं. रागावलीस तरी तुझाच,
रुद्राप्पा

पन्हाळा,
१७ फेब्रुवारी

चि. रुद्राप्पास आशीर्वाद.

मोटारीचं वाचून शरम वाटली. ती दुरुस्त कर. पण नावेचं मला पटलेलं नाही. घर माझं, आणि मला एका शब्दानं विचारू नये? तुला कुणी चहा पाजला की तू विरघळतोस, लहानपणापासून बघतेय. मुदत देऊन तिला मोकळं कर.

शांतव्वा

उचगाव,
२३ फेब्रुवारी

ती. आक्कास शरणार्थ. वि. वि.

विचारलं होतं, आक्का, मी पूर्णिमाकडनंच ऐकून आलो. दिवाळीआधी तुझ्यासमोर बसून तिनं नावेचं सांगितलं, मोटारीचीही तक्रार केली. तू दोन्ही वेळा हसून मान हलवलीस आणि तिच्या हातावर करंजी ठेवलीस. तुला ऐकू गेलं नाही हे त्या बिचारीला काय ठाऊक? मला ठाऊक आहे. वीरेशच्या लग्नात आचाऱ्यानं तिखट वाढवू का म्हणून विचारलं, तेव्हाही अशीच मान हलवलीस, आणि निम्मं वऱ्हाड पाणी पाणी करत पंगतीतून उठलं.

धंद्यात मी एक शिकलोय. मालकाची मान म्हणजे सही. तिच्यावर विसंबून पोरीनं एवढं काम उभं केलंय. आता मान फिरवायची असेल तर तू येऊन तिच्या तोंडावर फिरव. माझ्याच्यानं होणार नाही.

मोटार आता मांजरासारखी चालते. बाळासो दुपारी पोटभर झोपतात आणि संध्याकाळी फळी धरायला गॅरेजात जातात. वर तिलाच सुतारकाम शिकवायला बघतात!

माया पातळ करू नको,
रुद्राप्पा

पन्हाळा,
१ मार्च

चि. रुद्राप्पास आशीर्वाद.

वऱ्हाडाचं काढायची गरज नव्हती. तरी वाचून हसले. वीरेशनं काय झालं म्हणून विचारलं, तर सवयीनं मानच हलवली.

काहिलीत मीही बसलेय, नवी नवरी असताना. तिला ना पुढं असतं ना मागं. पूर्णिमाला सांग, नाव पुरी होईस्तोवर गॅरेज तिचं. करारात तसं घाल, म्हणजे उद्या माझ्या मानेवर कुणाला विसंबायला नको. बाळासोंची दुपारची झोप तेवढी सांभाळावी, म्हणावं.

माझी एकच अट. नाव पाण्यात सोडाल तेव्हा तिच्यात पहिली बसणार मी. तू, वीरेश, बाळासो, सगळे काठावर उभं राहून म्हातारे, पडशील म्हणून कितीबी ओरडा. मला काही ऐकू येत न्हाय.

पाण्यापर्यंत हात धरून न्यायला ये,
तुझी आक्का