बत्तीनं घेतलेली हवा

४ मार्च, जव्हार
आलो एकदाचे! कल्याणहून निघताना टेम्पोवाल्यानं सामान बघून विचारलं, काका, संसार हलवताय की भंगार? म्हटलं, दोन्ही. चाळीस वर्षं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त केल्या. रेशनचं रॉकेल बंद झालं तसं गिऱ्हाईक आटलं आणि दुकानही गेलं, पण हत्यारांची पेटी काही सुटली नाही. पेटीसोबत पाच लिटरचा कॅन आणलाय, दुकानातलं शेवटचं रॉकेल.

हा सगळा खटाटोप बायकोच्या, पुष्पलतेच्या दम्यासाठी. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा आणि फुंकायच्या मीटरचा आकडा रोज लिहून ठेवा. म्हणून ही वही. मीटर म्हणजे प्लास्टिकची नळकांडी, जोरात फुंकलं की आतला काटा सरकतो. आजचा आकडा २१०. तीनशेपर्यंत जायला हवा. दीडशेच्या खाली आला तर थेट दवाखाना.

घर गावाबाहेर, मोखाड्याच्या रस्त्याला. पुढे काजूची झाडं, मागे उतार. मालक हेमंत ठाण्याला असतो, त्यानं फोनवरच सगळं सांगितलं. आल्या आल्या तांदळाचा डबा कुठे ठेवायचा यावरून आमचं वाजलं. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं बाईंचं म्हणणं. खरंच कळत नाही. डबा तिनं कोपऱ्यात ठेवला आणि मी अंगणात जाऊन बसलो.

८ मार्च
आकडा २४०! दोन जिने चढताना धापा टाकणारी बाई आज उतारावरच्या पाड्यापर्यंत चालत गेली आणि तिथल्या रामीकडून नाचणीचं पीठ घेऊन आली. वर मलाच म्हणते, तुम्ही मागे पडताय.

दुपारी वारा सुटला आणि लाईट गेली. मेणबत्ती शोधायला माळ्यावर चढलो तर गोणपाटात गुंडाळलेली गॅसबत्ती! पितळी टाकी, वर दाब दाखवणारा काटा, पंप, सगळं जागच्या जागी. वर काजळीचा थर, पण पोचा नाही. माझे हात लगेच शिवशिवले. हेमंतला फोन केला, तो म्हणाला, आजोबांच्या वेळची असेल, तुमचं तुम्ही बघा.

९ मार्च
सकाळपासून बत्ती खोलून बसलोय. चिंचेनं टाकी घासली, सोन्यासारखी निघाली. निपलच्या बारीक भोकात कचरा होता, पिनेनं काढला. वाफेची नळी काजळीनं गच्च, ती तापवून ठोकून मोकळी केली. पंपाचं चामडी वॉशर वाळून कडकडीत झालंय. ते तेलात भिजत टाकलं, दोन दिवस तरी लागतील.

घासपूस चालू असताना पाड्यावरचा ढवळू म्हातारा येऊन उभा राहिला. इथे सगळे सगळ्यांना अरे-तुरेच करतात, त्याचं मला काही वाटत नाही. त्यानं बत्ती ओळखली. इथल्या बोहाड्याच्या उत्सवात रात्री देवांची सोंगं निघतात, त्यांच्यापुढे ही डोक्यावर घेऊन चालायचे म्हणे. नंतर म्हणाला, मिस्त्री, तू पेटव नायतर नको पेटवू, पण हिला तोंड नको लावू.

मी हसलो. चाळीस वर्षं तोंडानं रॉकेल ओढलंय आणि फुंकून निपलं साफ केलीत, आता हा मला शिकवणार! ढवळू हसला नाही. चहा ठेवायला सांगेपर्यंत निघूनही गेला.

१० मार्च
आकडा २६०. आज आमचं जुनं दुकान पुन्हा चालू झालं म्हणायचं.

टाकी गळते का ते बघायचं होतं. हवा भरून टाकी बादलीत बुडवायची, बुडबुडे आले तर गळती. पण वॉशर अजून मऊ नाही, पंप चालणार कसा? दुकानात अशा वेळी आमची एक पद्धत होती. पंपाचा दांडा काढून तिथे रबरी नळी बसवायची. नळीच्या टोकाला पितळी तोंड आहे, ते मी स्वतः घडवलंय, दुसरं तसं मिळायचं नाही. मी टाकी पाण्यात धरायची आणि पुष्पलतेनं फुंकायचं. दम्यानं दहा वर्षं तिचं हे काम बंद होतं. आज स्वतःच पदर खोचून बसली. म्हणाली, आता छाती आहे माझ्याकडे, द्या नळी.

एक फुंकर मारली तिनं. एकच. आणि काटा सरकन् लाल रेघेला जाऊन टेकला!

तोंडाच्या हवेनं काटा हलतसुद्धा नाही, हे कोणीही मिस्त्री सांगेल. दहा-पंधरा वेळा पंप मारल्यावर कुठे तो रेघेला लागतो. मी म्हटलं, काटा बिघडलाय. ती म्हणाली, कौतुक करायला तुमची जीभ कधी वळणारच नाही. बुडबुडा मात्र एकही नाही, टाकी एकदम घट्ट.

नंतर ती जरा वेळ भिंतीला टेकून बसली. गरगरलं म्हणाली.

११ मार्च
बत्ती पेटवली. स्पिरिटनं तापवली, मेंटलची जाळी पांढरी फट्ट झाली आणि अंगणात दिवस उगवला. दोन तास जळली, एकदाही पंप मारावा लागला नाही. अशी बत्ती मी आयुष्यात पाहिली नव्हती. तिचा सूं-सूं आवाज मात्र जरा वेगळा. एकसारखा येत नाही, मध्ये थांबतो.

आकडा २१५. काजूच्या मोहोरानं असेल.

१३ मार्च
कालही पेटवली, आजही. आकडा १९०, मग १६५. रॉकेलच्या वासानं म्हणावं तर बत्ती बाहेर आणि ही आत, दारं बंद. आता पेटवायची नाही असं ठरवून टाकी उपडी केली.

मोजून भरलेलं रॉकेल मोजून परत निघालं. पाच तासांत थेंबभरही जळलं नव्हतं.

मग जळत काय होतं?

१४ मार्च
दुपारी दोन वाजता हे लिहितोय. बाहेर लख्ख ऊन आहे.

काल झाकण उघडून रॉकेल ओतलं तेव्हाही हवा बाहेर आली नव्हती. टाकी रिकामी, चावी बंद, तरी काटा खाली आलेला नाही. आणि तो हलतो. जरासा वर, जरासा खाली. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला अठरा वेळा. पंधरा मिनिटं मोजत बसलो, अठराच. पाणी प्यायला आत गेलो. पुष्पलता झोपली होती, पदर छातीवर वरखाली होत होता. मी तसाच उभा राहून मोजलं.

अठरा.

बत्ती उंबऱ्यात आणून ठेवली. एक डोळा काट्यावर, एक तिच्यावर. ती कुशीवर वळली, खोल श्वास घेतला आणि काटाही तेवढाच वर गेला.

१४ मार्च, संध्याकाळ
माझ्या हातून फार मोठी चूक झाली.

मला वाटलं, हवा सोडली की खेळ संपेल. हवा सोडायचा स्क्रू पाव फेरा फिरवला. फुस्स झालं आणि आत पुष्पलता खाटेवरून खाली पडली. ओठ निळे. मी झटक्यात स्क्रू आवळला, इतका की खालचं शिशाचं वॉशर चिरल्याचं बोटांना कळलं. तिचा श्वास परत सुरू झाला, पण आखूड.

आकडा १२०. रामीच्या जावयानं जीप आणली, त्यातून दवाखान्यात नेलं. बत्ती मांडीवर घेऊन बसलो होतो, लोक बघत होते. बघू देत.

१५ मार्च
योगिता सिस्टर भली बाई आहे. रात्रभर उशाशी होती. ती म्हणाली, छातीत घरघर नाही, कफ नाही, फोटोही स्वच्छ आलाय. ऑक्सिजन लावलाय तो आत जातोय, पण अंगी लागत नाही. असं तिनं कधी बघितलं नव्हतं. नाशिकला हलवा म्हणाली, उद्या गाडी मिळेल.

मला माहीत आहे कुठे गेला श्वास. माझ्या मांडीवर आहे.

स्क्रूला साबणाचा फेस लावून बघितला. बारीक बुडबुडे येतात. चिरलेल्या वॉशरमधून ती हळूहळू निसटतेय.

१६ मार्च
आकडा १००. पुष्पलतेनं नाशिकचं ऐकून घेतलं आणि घरी न्या म्हणून हट्ट धरला. बोलताना दर शब्दाला थांबते. घरी आणलं. रामी भाकरी आणून देते, चूल थंडच आहे.

गळती बंद होईना. साबण लावला, मेण लावलं, टाक्यांची भोकं बुजवायची पुट्टी लावली. कशानंही भागत नाही. कथील वितळवून डाग द्यायचा तर आधी टाकी रिकामी करावी लागते, भरल्या टाकीला डाग देता येत नाही. दुकानात हे मी पोरासोरांना ओरडून सांगायचो. टाकी रिकामी कशी करू? तिला रिकामी करू?

ढवळूला बोलावून आणलं. त्याच्या पायाच पडलो.

१६ मार्च, रात्र
ढवळूनं सांगितलं ते असं. त्याचा भाऊ जैतू ही बत्ती वाहायचा. एका बोहाड्यात सोंग निघालं आणि पंप फसला. सोंग बाहेर असताना बत्ती विझू द्यायची नसते, म्हणून जैतूनं तोंड लावून फुंकर घातली. बत्ती पहाटेपर्यंत जळली. जैतू घरी आला आणि खांबाला टेकून बसला. कोणीतरी बत्तीची हवा सोडली, तिथेच जैतूही गेला.

पण त्याआधी जैतूची आय बत्तीला तोंड लावायला धावली होती. ती बत्ती एका वेळेला एकाचाच श्वास धरते, दुसऱ्याचा घेतला की पहिल्याचा सोडून देते, असं तिला जुन्या माणसांनी सांगितलेलं. लोकांनी तिला धरून ठेवलं. मरेपर्यंत ती एकच बोलायची, मला लावू द्यायला हवं होतं.

हे सगळं पुष्पलतेच्या खाटेशी बोललो आम्ही. झोपली होती असं मला वाटलं. बघितलं तर डोळे उघडे होते. मान हलवून नाही म्हणाली, आणि माझं मनगट धरून ठेवलं.

१७ मार्च
आकडा ७०. काटा लाल रेघेपासून पार खाली. आज संध्याकाळपर्यंत पुरणार नाही.

मनगटावरची तिची पकड सैल झाली, तेव्हा उठलो. नळी बसवली. एकच फुंकर घातली—

छातीतून काहीतरी ओढून नेल्यासारखं. काटा रेघेला.

आत ती खोकली. मोठ्यानं. मग हाक— अहो—

इतकी खणखणीत हाक. मी रडलो. लाज नाही वाटत लिहायला.

१७ मार्च, संध्याकाळ
तिचा आकडा २३०. माझा बघितला नाही.

ती मागे लागेल, मला माहीत आहे. चाळीस वर्षं ओळखतोय. आधी नळी लपवली. घरात ती बघणार नाही अशी एकच जागा सुचली, तांदळाचा डबा. चार दिवसांत कोणी झाकण उघडलेलं नाही. पार तळाशी खुपसली. नुसतं तोंड लावून फुंकायला जैतूची छाती हवी, तिची नाही. नळी नाही तर तिची फुंकर नाही.

१८ मार्च
तिचा आकडा २७०. केस विंचरून अंगणात बसली. ढवळू येऊन बघून गेला, तिच्याकडे बघून हसला, माझ्याकडे बघून नाही.

नळी कुठे आहे विचारलं तिनं. दरीत टाकली म्हटलं. भांडलीसुद्धा नाही. हे बरं नाही.

साबणाचे बुडबुडे— चालूच. आता माझे.

१९ मार्च
चालवत नाही. बसून लिहितो. तिचा ३००! डॉक्टरांना हवा होता तेवढा. वहीत मोठ्या अक्षरात लिहिला तिनं. तिच्या हातानं.

माझं मनगट धरून बसते.

काटा अर्ध्यावर. उद्या, फार तर परवा. चालेल. चांगला चाललाय सौदा.

२० मार्च
सकाळ. ऊन छान. ती म्हणाली किती दिवसांत— गरम गरम खाल्लं नाही तुम्ही. भाकरीनं कंटाळला असाल.

मी म्हटलं हो.

म्हणाली भात टाकते.

मी बरं म्हटलं. बरं म्हटलं मी. गधड्या—

आत डब्याचं झाकण वाजलं.

हाक मारतोय. आवाज— नाही. श्वास पुरत नाही. बत्ती माझ्याजवळ होती— इथेच— मघाशी पाणी द्यायला आली तेव्हा नेली—

तांदूळ सांडल्याचा आवाज.

उठता येत नाही. पुष्पा. वही वाच. आधी वही. नको लावू तों

छाती मोकळी होतेय. नको नको पुष्