रेने लावलेला स्क्रू

ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न
शनिवार, जेवणानंतर

प्रिय श्रीनाथ,

तुला राघवचा कडकडून नमस्कार. सुनेत्रावहिनींना साष्टांग, आणि तुझ्या दोन्ही कानांना वेगळा नमस्कार (तो त्यांना ऐकू जाणार नाही, पण मान म्हणून). तब्येत कशी आहे? ते कानाचं मशीन घालतोस, की अजून टेबलाच्या खणातच आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घे, संध्याकाळी दोन एकदम घेऊ नकोस, मला इथे काळजी लागते. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आज दुपारपर्यंत तरी आहे. पद्माचा गुडघा दुखतो. माझी छाती धडधडते, पण ती आनंदाने धडधडते की व्हिसाच्या काळजीने, हे इथल्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. फोनवर तू काही ऐकत नाहीस, मी काहीही बोललो तरी "हां, हां, इकडे पण पाऊस आहे" म्हणतोस, म्हणून हे पत्र. माझी नात उर्वी याचे फोटो काढून तुझ्या सुनेच्या मोबाईलवर पाठवेल आणि ती तुला छापून देईल. उर्वीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तेव्हा या टोकाला मी निर्धास्त आहे. (कादंबरी, बाळ, तू गुणी सून आहेस. छाप, पण शेवटचे ता. क. वाचू नकोस.)

श्रीनाथ, मर्दा, मला आपली माणसं सापडली! सात वर्षं झाली मला इथे येऊन. या गावात दूध आणायला गाडी, नातीला शाळेत सोडायला गाडी, चालायला जायचं असलं तर बागेपर्यंत गाडी. पण बॉनेट उघडून आत डोकं घातलेला माणूस मी सात वर्षांत पाहिला नव्हता. आमच्या गुरुदत्तने विजेची गाडी घेतली. मोठ्या हौसेने मी तिचं बॉनेट उघडायला लावलं, तर आत भाजीची पिशवी ठेवायला जागा. नुसती जागा! मी दोन दिवस नीट जेवलो नाही. सुपुत्राला वाटलं पोट बिघडलं. तर मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी उर्वी मला तिच्या पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली आणि त्या तलावामागच्या पार्किंगमधून मला तो आवाज आला. माझे पाय आपोआप तिकडे वळले. तीस-चाळीस म्हातारे, घडीच्या खुर्च्या, पावात गुंडाळलेले सॉसेज, आणि गाड्या! जुनी गाडी घ्यायची, तिचं निम्मं अंग कापायचं, तिच्या कुवतीच्या तिप्पट इंजिन तिच्यात कोंबायचं, वरून देव्हाऱ्यासारखी चकाचक ठेवायची आणि सरळ रस्त्यावर पाव मैल उधळायची, याला हे लोक हॉट रॉड म्हणतात. उद्यमनगरच्या गॅरेजमध्ये आपण तुझ्या फियाटचं छप्पर कापून नेमकं हेच केलं होतं, तर आरटीओने आपल्याला दोन दिवस बसवून ठेवलं होतं. इथे त्याला बक्षीस देतात.

मला इंग्रजी शब्द येतात वीस. त्यांना मराठी येत नाही एकही. पण कार्बोरेटर, पिस्टन, गॅस्केट, प्लग हे शब्द कोल्हापुरात आणि मेलबर्नमध्ये एकच आहेत, बाकीचं हाताने बोलता येतं. एकाने मला पंख्याच्या पट्ट्यात गेलेलं बोटाचं पेर दाखवलं, मी त्याला माझं दाखवलं, आम्ही गळाभेट घेतली. मी त्यांना आपली १९७७ची पन्हाळ्याच्या घाटाची शर्यत सांगितली, पार तिसऱ्या वळणावर तुझी गाडी मेली आणि तू स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसलास तिथपर्यंत. हाताने सांगितली, तरी दोघांनी टोप्या काढल्या. ज्याला आपण दोष दिला ते शिर्क्यांच्या पंपावरचं भेसळीचं पेट्रोल मात्र हाताने सांगता येईना, ते राहून गेलं. राघव हे नाव त्यांच्या तोंडात बसत नाही. मला ते रॅगो म्हणतात. म्हणू देत.

आता खरी हकीकत. त्यात एक नेव्हिल नावाचे गृहस्थ आहेत, वय ब्याऐंशी, उंच, थोडे वाकलेले, एका डोळ्याने अधू. त्यांची १९३४ सालची दोन दारांची फोर्ड आहे, हळदीसारखी पिवळी, आणि इंजिन बॉनेटच्या बाहेर आलेलं. गाडी उभी असताना अशी काही लंगडते की बघवत नाही. गडाड् गड... गड... गडाड्. प्रत्येक वेळी वाटतं, गेली. मी तीन रविवार ते ऐकून घरी आलो आणि तीन रविवार मला जेवण गेलं नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला एका डोळ्याने दिसत नाही, गाडी मिसिंग मारते हे कुणी सांगतही नाही, कसले हे मित्र! तू साक्षीदार आहेस, मी दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावणारा माणूस नाही. पण चौथ्या रविवारी नेव्हिल गाडी चालू ठेवून सॉसेज आणायला गेले आणि माझ्या खिशात पिवळ्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर होता (तो नेहमी असतो, एक विमानतळावर काढून घेतला तरी दुसरा असतो). कार्बोरेटरवर दोन स्क्रू, दोन्हींवर लाल काहीतरी चिकटलेलं. चष्मा घरी. मला वाटलं गंज. नखाने खरवडून काढलं, फडक्याने पुसलं, आणि दोन मिनिटांत श्रीनाथ, त्या गाडीला मी असं लावून दिलं की शिवणयंत्र झक मारेल. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर पाणी हललं नसतं. मी कंबर सरळ करून अभिमानाने मागे वळलो.

चाळीस म्हातारे माझ्याकडे बघतायत. कुणाच्या तरी हातातला सॉस बुटावर ठिबकतोय. नेव्हिल दोन सॉसेज घेऊन उभे (दुसरं माझ्यासाठी आणलं होतं, हे मला अजून छळतं). ते गाडीपाशी आले, वाकून ते दोन स्क्रू पाहिले, हळूच घडीच्या खुर्चीत बसले. उर्वी ओले केस घेऊन धावत आली, म्हणाली, "आजोबा, व्हॉट डिड यू डू?" मी म्हटलं, दुरुस्त केली. ती म्हणाली, "इट वॉजन्ट ब्रोकन!"

मग तिने चार जणांना विचारून मला सांगितलं ते असं. ते लंगडणं मुद्दाम असतं. शर्यतीचं इंजिन उभ्याने तसंच चालतं, आणि ही मंडळी त्या आवाजावर जीव टाकतात. (आपल्याला हे ठाऊक असायला हवं होतं. तुझी फियाटही तशीच कुंथायची.) नेव्हिलच्या गाडीचं ते लावणं त्यांच्या मित्राचं, रे नावाच्या माणसाचं. पन्नास वर्षं दोघांनी मिळून ती गाडी बांधली, रेने शेवटचे ते दोन स्क्रू लावले, कुणी हात लावू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, जसा तू वहिनींच्या बाटलीतून द्यायचास, आणि पुढच्या महिन्यात रे वारला. याला सोळा वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी रेच्या आठवणीच्या रविवारी सगळे आपापल्या गाड्या बंद करतात आणि एकटी नेव्हिलची चालू ठेवतात. एक मिनिट. कुणी बोलत नाही, नुसतं ऐकतात. आणि यंदाचा रविवार या महिन्याच्या तेवीस तारखेला आहे, आणि तो शेवटचा, कारण त्यानंतर डोळ्यांपायी नेव्हिलची मुलगी किल्ल्या आपल्याकडे ठेवणार आहे. आणि मी तो ठिपका नखाने खरवडला. किती फेरे, किती आटे, काहीच मोजलं नाही, श्रीनाथ. उघडण्याआधी आटे मोजावेत, हे आपण पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

तीन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. बेल वाजली की मला वाटायचं पोलीस. व्हिसाचे कागद, विम्याचे कागद आणि पांढरा शर्ट मी एका पिशवीत भरून दारापाशी ठेवले. बुधवारी बेल वाजली, पद्माने दार उघडलं, आणि बाहेर नेव्हिल, टोपी हातात. पद्मा त्यांना म्हणाली, "सिट." (तिच्याकडे इंग्रजी शब्द सहा आहेत, पण ती ते हुकूम दिल्यासारखे वापरते.) त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले, मिरचीचा तुकडा आला तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं पण बशी सोडली नाही. मग माझ्याकडे बघून एक बोट उलटं फिरवलं, मग सुलटं. तू काढलंस, तूच परत घाल. शर्टाची पिशवी मी पलंगाखाली ढकलली.

तेव्हापासून रोज आर्वोला (म्हणजे दुपारी, हे लोक दुपारचेही लाड करतात) मी त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये असतो. काय शेड आहे! नटबोल्टचे पाने आकाराप्रमाणे टांगलेले, प्रत्येकामागे भिंतीवर त्याची आकृती रंगवलेली. नेव्हिल स्टुलावर बसून डोळे मिटतात. मी स्क्रू इतकुसा फिरवतो. ते ऐकतात. "नो, मेट." पुन्हा फिरवतो. "नो, मेट." वहीत मी सगळं लिहितो, डावा किती, उजवा किती. उर्वीने इंटरनेटवर त्या रविवारचा जुना व्हिडिओ शोधून दिला, पण मोबाईलमधून तो आवाज पापड तळल्यासारखा येतो. मंगळवारी एकदा नेव्हिलचा डावा पाय तालावर हलला! पण मग म्हणाले, "नो... क्लोज." क्लोज! मी घरापर्यंत पळत आलो, वय शहात्तर. मधल्या वेळात ते रेच्या गोष्टी सांगतात, मी तुझ्या सांगतो. दोघेही एकमेकांचं निम्मं समजतो. पुरतं.

तर तो आवाज अजून सापडलेला नाही, आणि तेवीसला आठच दिवस आहेत. म्हणून तुला विचारतो. कान गेले असले तरी तुझे हात गेलेले नाहीत. पन्हाळ्याच्या शर्यतीसाठी तू फियाट लावली होतीस, ती पूर्ण बंदपासून किती आटे बाहेर घेऊन? इंजिन वेगळं आहे हे मला कळतं, पण कुठूनतरी सुरुवात हवी. डोळे मिटून हात फिरवून बघ आणि मला कळव. वहिनींना सांग, पद्मा त्यांची आठवण रोज काढते. इथेच थांबतो, हाताला पेट्रोलचा वास आहे आणि कागदाला लागतोय. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझा
राघव

ता. क. १ : गुरुदत्तकडे यातलं काही बोलू नकोस. त्याला वाटतं मी रोज लायब्ररीत ज्येष्ठांच्या इंग्रजीच्या वर्गाला जातो. माझं इंग्रजी पुष्कळ सुधारलं असं तो परवा जेवताना म्हणाला.

ता. क. २ : आवाज सापडला नाही असं वर लिहिलंय, ते खोडलं तर कागद खराब दिसेल म्हणून राहू देतो. गुरुवारी सापडला. नेव्हिल चहा करायला आत गेले होते. मी डावा स्क्रू पाव आटा बाहेर घेतला आणि गाडी लंगडली, सावरली, पुन्हा लंगडली. तोच आवाज! हाक मारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, झालं, आता उद्या कशाला बोलावतील? हात आपोआप गेला. पाव आटा परत आत. (या वेळी मोजून. वहीत लिहून ठेवलंय, तेवीसला सकाळी सगळ्यांच्या आधी लावणार, देवाशपथ.) स्वयंपाकघरातला नळ मध्येच बंद झाला होता, हे मला नंतर आठवलं. नेव्हिल दोन कप घेऊन आले. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. "एनी लक, रॅगो?" मी म्हटलं, नो. "नो वरीज. टुमॉरो, देन." आणि भिंतीवर रेचा अ‍ॅप्रन अजून टांगलेला आहे, त्याच्या शेजारी त्यांनी एक नवा खिळा ठोकला.

ता. क. ३ : त्या खिळ्याने माझं डोकं खाल्लंय, म्हणून आता लिहूनच टाकतो. पन्हाळ्याच्या आदल्या दिवशी तू जेवायला गेला होतास. तुझी फियाट कुंथत होती, मला ऐकवेना. मी वहिनींच्या नेलपॉलिशचा ठिपका खरवडला, स्क्रू लावला, गाडी लोण्यासारखी केली, आणि तुला कळू नये म्हणून पद्माच्या बाटलीतला ठिपका वर दिला. तिसऱ्या वळणावर तू अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललास आणि गाडी मेली, ती पेट्रोलने नाही, माझ्या स्क्रूने. शिर्क्यांच्या पंपाला पन्नास वर्षं वळसा घालतोयस, उद्या जाऊन टाकी भर आणि त्यांच्या मुलाला चहा पाज. पण श्रीनाथ, वहिनींचं नेलपॉलिश लाल होतं. पद्माचं गुलाबी. शर्यतीनंतर तू स्वतः बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभा होतास. मग बॉनेट लावलंस, हात पुसलेस आणि म्हणालास, "राघ्या, उद्या जरा लवकर ये." तुला दिसला होता का रे तो ठिपका? आटे नाही कळवलेस तरी चालेल. एवढं कळव.